नऊ नंबरसाठी चकलांब्याला

खोटी बातमी मीच पसरवली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या वर्णनात मी कुठं भला माणूस वाटलो तर तुमची फसगत व्हायला नको.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. फुटबॉल आपल्याकडं पेठापेठांतून खेळला जातो, पण माझा जीव इंग्लंडमधल्या एका पिवळ्या जर्सीच्या क्लबावरही जडलेला आहे. या क्लबाचे कोल्हापुरातले सगळे चाहते एका रिक्षात मावतील. त्यामुळं गेल्या वर्षी शहराबाहेरच्या फडात तीच जर्सी घालून ऊस तोडणारा दत्ता दिसला, तेव्हा मी स्कूटर तिथंच थांबवली. तो बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याचा. त्याच्या गावात कुणीतरी पुण्याहून या जर्सींचा गठ्ठा आणला होता. भंडाऱ्याचा रंग म्हणून लोकांनी त्या घातल्या, आणि मग हा क्लब आहे तरी कसा, म्हणून सामने बघायला लागले. दत्तानं मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. इंग्रजी बातम्या वाचून सांगतो म्हणून तिथं मी लवकरच 'सर' झालो.

जानेवारीत, आणि मग उन्हाळ्यात, क्लबांमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. आमच्याकडं गोल मारणारा कुणी उरला नव्हता. पोर्तुगालमधला एक नऊ नंबरचा खेळाडू आणावा की आणू नये, यावर ग्रुपात रोज जुंपायची. एका मोकळ्या तासाला मी गंमत म्हणून मोबाइलवर त्या खेळाडूच्या फोटोला आमची जर्सी चढवली आणि खाली लिहिलं, 'सही झाली!' संध्याकाळपर्यंत खरं सांगायचं ठरवलं होतं. पण इतके नमस्कार आले, इतकं 'सर, सर' झालं, की धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले तेव्हा मी दुसरं खोटं लिहिलं: 'ऐनवेळी फिसकटलं.'

त्यानंतर ग्रुपातल्या नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. माझ्याच वयाचा माणूस. म्हणाला, "सर, तुमी वाईट वाटून घिऊ नगा. फिसकटलं ते माझ्यामुळं." आणि तो ग्रुप सोडून गेला.

इंग्लंडमधला न झालेला सौदा चकलांब्याच्या माणसामुळं कसा फिसकटेल? मला काही उमगेना. फोन केला तर तो उचलेना. शेवटी एका सुट्टीला जोडून रजा टाकली, घरी शाळेचं काम असल्याचं सांगितलं (हे तिसरं), आणि पहाटेच्या एसटीत बसलो.

सोलापूर मागं पडलं, तुळजापूरचा घाट चढून बस वर आली आणि दोन्ही बाजूंना ज्वारी दिसायला लागली. कणसं भरलेली, काळ्या रानावर पांढुरकी झाक. खिडकीशी बसलेल्या बाईंनी पदरात बांधलेला हुरडा (भाजलेले कोवळे दाणे) माझ्या हातावर ठेवला. बीडला उतरलो तेव्हा गेवराईची गाडी समोरच लागली होती. मी मात्र शेजारच्या माजलगावच्या गाडीत चढलो. धरण बघायचं राहून जायला नको, असं मनाशी म्हटलं. खरं तर चकलांबा एका दिवसानं लांबवायचं होतं.

धरण मात्र बघण्यासारखं आहे. सिंदफणेचं पाणी नजर जाईल तिथवर पसरलेलं, आणि खाली हिरवागार ऊस. आमच्या पंचगंगेकाठची आठवण झाली. कडेच्या एका हॉटेलात भाकरी आणि धरणातल्या माशाचं तिखट कालवण खाल्लं. मालकानं विचारलं, "कुनाकडं आलात?"

"चकलांब्याला, मित्राकडं."

"मंग मित्र तिकडं आन् तुमी हिकडं कावून (का)?"

मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून काळीपिवळीनं चकलांब्याला पोचलो. जीपमध्ये माझ्या पायाशी एक करडू होतं आणि त्यानं माझ्या बुटाची नाडी अर्धी खाल्ली. गावात बऱ्याच घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. पण बबनचं सलून गच्च भरलं होतं. बबन म्हणजे ग्रुपाचा प्रमुख. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस, आणि आरशावर त्याच फेसानं बोटानं काढलेलं मैदान. आरशाला टेकवलेल्या फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये दत्ता होता. तो यंदा सांगलीकडच्या फडावर होता, आणि तिथूनच वाद घालत होता.

"मधी तीन घ्या म्हनलं ना! दोघांनी काय हुतंय?"

"तीन घिऊन गोल कोन मारील बे? तुझा मुकादम?" बबन म्हणाला. मुकादम म्हणजे आमचा मधल्या फळीतला जुना खेळाडू. स्वतः पळत नाही, हात करून दुसऱ्यांना पळवतो, म्हणून हे नाव.

"मुकादमाला इका आन् डावा ब्याक आना. डावीकडून कुनीबी येतंय जातंय, एसटी स्टँड झालंय नुसतं," फेसातून गिऱ्हाईक म्हणालं.

मी स्वतःची ओळख सांगितली आणि सलूनात एकच गलका झाला. मला खुर्चीत बसवलं, चहा आला, दाढीला फेस लागला. उन्हाळ्यात कोण येणार, कोण जाणार, सगळे मलाच विचारत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तेवढ्यात, सर आल्याचं ऐकून, दारात एक उंच माणूस लंगडत आला.

"आला बे, पेढेवाला आला!" फोनमधून दत्ता ओरडला. सगळे हसले. बबननं मला सांगितलं: मी टाकलेला फोटो आला त्या दिवशी नामदेवरावांनी हलगी लावून अख्ख्या गावात पेढे वाटले होते. दुसऱ्या दिवसापासून लहानथोर त्यांना याच नावानं हाक मारत होते.

"हसा," नामदेवराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "सरांची बातमी खरी व्हती. सर समोरच बसलेत, इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. वस्तरा गळ्याशी होता, त्यामुळं मान हलवता येत नव्हती. हे कारण मी नंतर स्वतःला पुष्कळ पुरवलं. मी डोळे मिटले. त्याचा अर्थ त्यांनी 'हो' असा घेतला.

नामदेवरावांनी मला मुक्कामाला घरी नेलं. वहिनींनी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट पोळ्या) केले होते, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. जेवताना मी विचारलं, "सौदा तुमच्यामुळं कसा फिसकटला?"

त्यांनी पाय पुढं केला. टाचेला चिंधी बांधलेली.

"नारायणगडाच्या देवाला नवस बोललोतो. नऊ नंबर आला तर अनवानी चालत येईन म्हनलं. तुमची बातमी आली, सकाळीच निगालो. वाटंत बाभळीचा काटा टाचंत मोडला. लई सोसलं, पर शेवटाला चप्पल घातली. घरी येऊन बगतो तर तुमचा मेसेज. फिसकटलं." ते शांतपणे घास मोडत राहिले. "आता उद्या परत जानार हाय. पुरं अनवानी. मंग उन्हाळ्यात तरी यील तो."

वहिनी आतून म्हणाल्या, "पायात पू झालाय, सर. डाक्टर चालू नगा म्हनला. तुमचं ऐकतेत ते, तुमी तरी सांगा."

मी म्हणालो, "पाय बरा होऊ द्या." ते हसले. त्या घरात, त्या माउलीच्या हातचं खात, यापुढचं वाक्य मला जमलं नाही.

सकाळी मी त्यांच्याबरोबर निघालो. थंडी होती. गावाबाहेर एका रानात धनगरांची मेंढरं बसली होती. तिथं नामदेवरावांनी चपला काढून पिशवीत घातल्या आणि खडीवर पाय ठेवला. थोडं अंतर गेल्यावर चिंधीवर लाल डाग उमटला. मी त्यांचा हात धरला.

"नामदेवराव, थांबा. सौदा झालाच नव्हता. तो फोटो मी बनवला. फिसकटलं हेही मीच लिहिलं. तो खेळाडू आपल्याकडं येणार अशी तिकडं इंग्लंडात साधी चर्चाही नव्हती."

ते बांधावर बसले. समोर मेंढरं बसलेली.

"म्हंजे काट्याचा काई संबंध न्हाई?"

"नाही."

"चप्पल घातली त्याचा बी न्हाई?"

"नाही हो."

त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. माझ्या खोटेपणाच्या आधी त्यांना स्वतःची सुटका दिसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग नंतर आला.

"आन् गाव हसलं ते? माजी बायकू पान्याला जायची लाजती, सर. पेढेवाल्याची म्हनतेत तिला."

"चुकलं माझं. मी तुमची..."

"हितं नगा." त्यांनी हात वर केला. "हितं मेंढरं हायेत. मला हसले कुठं? बबनच्या दुकानात. तिथं म्हना."

त्यांनी चपला घातल्या. आम्ही परत फिरलो.

सलून कालच्यासारखंच भरलेलं. फोनवर दत्ता होताच. डाव्या ब्याकवरून गोंधळ चालला होता. "या सर, तुमीच सांगा!" म्हणत बबननं खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. नामदेवराव या वेळी उंबरा ओलांडून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. फोटो, फिसकटल्याचा मेसेज, कालचे मिटलेले डोळे. कुणी हसलं नाही. बबनचा कंगवा गिऱ्हाइकाच्या डोक्यात तसाच राहिला. गिऱ्हाईकही ओठावरचा फेस पुसायचं विसरलं.

"या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला," मी म्हणालो, "आणि माझ्यापायी तुमचं हसणं सोसलं. हसायचं तर मला हसा." मग त्यांच्याकडं वळून हात जोडले. "नामदेवराव, माझं चुकलं. मला माफ करा."

तेवढ्यात आरशाकडून आवाज आला.

"आवो, काय म्हनले सर? फडात रेंज न्हाई, मधलं तुटलं समदं!"

बबन फोन उचलायला निघाला. नामदेवरावांनी त्याला अडवलं आणि माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मिशीखाली त्या सकाळी पहिल्यांदाच हसू हललं.

"दत्ता बी लई हसलाता, सर," ते म्हणाले. "म्हना परत."

मी आरशासमोर गेलो, फोनपाशी वाकलो, आणि दूरच्या फडात ऊस तोडणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगितलं, "फोटो मी बनवला होता. नामदेवराव, माझं चुकलं. मला माफ करा."