अर्धा तास दिसणारे घड्याळ

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलेत, की आजी, तू कॉलेजात असताना एक उन्हाळा लंडनला होतीस, तर तिथे काय काय पाहिलेस? धाकटी आता स्वतः उन्हाळ्याच्या अभ्यासक्रमाला परदेशी निघाली आहे, म्हणून तिला माहिती हवी आहे. फोनवर मी मोठ्या चौकांची आणि संग्रहालयांची नावे सांगितली. ती बरोबर आहेत, पण ती कुठल्याही पुस्तकात मिळतील. जे तिथे मिळणार नाही ते लिहून पाठवते.

तेव्हा आम्ही गुजरातेतल्या एका जुन्या संस्थानी शहरात, दांडिया बाजारात राहत होतो. मी भूगोल घेऊन एम. ए. करत होते. संस्थान जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि गुजरात राज्य झाल्यावर तर आमच्या गल्लीतल्या जुन्या दरबारी नोकरांना काही विचारायला कोणी येईनासे झाले होते. ते एकमेकांकडे जात. संध्याकाळी आमच्या घरी चारपाच म्हातारे जमत, कारण आमच्याकडे झोपाळा होता, चहा होता आणि माझे आजोबा होते. आजोबा संस्थानात कारकून होते. बाकीचे त्यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. पण त्यांच्यात लंडन पाहिलेले आजोबा एकटेच. तरुणपणी एका मोठ्या अधिकाऱ्याबरोबर, संस्थानच्या कसल्याशा कामासाठी, ते एक उन्हाळा तिथे राहून आले होते. त्या एका उन्हाळ्यावर त्या बैठकीत त्यांना झोपाळ्यावरची जागा मिळत असे.

त्यांचे लंडन मला पाठ होते. कोपऱ्यावर हिरवी शाल घेतलेली फुलवाली बसते. दुपार झाली की टोपली उचलून चर्चच्या मागे जाते. पोलिसाने हात वर केला की घोडे थांबतात. पाऊस आला की सगळा रस्ता काळ्या छत्र्यांनी झाकून जातो. बागेचे फाटक लावायला एक लंगडा माणूस येतो. जेवणसुद्धा खोलीत आणून देतात. आणि ते घड्याळ. त्या घड्याळाचा मोठा काटा अर्धा तास दिसतो, मग अर्धा तास धुक्यात जातो आणि पुन्हा बाहेर येतो.

ऐकणारे ते जगप्रसिद्ध घड्याळ समजत. आजोबांनी तसे कधी म्हटले नाही, आणि नाकारलेही नाही.

बैठकीत एक निवृत्त ओव्हरसियर होते. संस्थानचे रस्ते बांधण्यात त्यांची नोकरी गेली होती. आम्ही मुले त्यांना ओव्हरसियरकाका म्हणत असू. आजोबांचा त्यांच्यावर जीव होता आणि ते आजोबांना चिडवल्याशिवाय कधी सोडत नसत.

"धुकंसुद्धा घड्याळ लावून येतं का हो तुमच्या लंडनात?" ते विचारत.

"तिथं सगळंच वेळेवर असतं," आजोबा म्हणत आणि अडकित्त्यात सुपारी धरत.

लंडनच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाल्याचे कळले तेव्हा आईचे म्हणणे पडले की आधी लग्न ठरू दे. वडील दोन्ही बाजूंनी मान हलवत राहिले. जाऊ दे, असे स्पष्ट म्हणणारे पहिले आजोबाच. ओव्हरसियरकाका त्या संध्याकाळी फारच खुशीत होते. ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "जा पोरी, आणि परत आलीस की इथं उभं राहून सांग. यांचं लंडन आहे की नाही, ते एकदा कळू दे. नसलं तर झोपाळा माझा." सगळे हसले. आजोबाही हसले, पण त्या दिवसापासून मी जाईपर्यंत त्यांनी लंडनचा विषय काढला नाही. मी विचारले, मी काय काय बघू? तर म्हणाले, "सांगतील ते बघ. नाही सांगितलं तरी बघ. कोणी दाखवील म्हणून थांबू नकोस." ज्या हॉटेलात ते उतरले होते त्याचा रस्ता मात्र मला ठाऊक होता. वरचा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली, हेही त्यांच्या गोष्टींतच आलेले होते.

लहरीपुऱ्यातल्या शिंप्याने माझा लोकरीचा कोट शिवला. त्याने आजवर पुरुषांचेच कोट शिवले होते, त्यामुळे खांदे माझ्या खांद्यांच्या पुढे गेले. शेजारच्या गुजराती काकींनी खाखऱ्यांचा डबा दिला, आईने मेतकूट दिले. खाखरे विमानातच मोडले. चुरा मी पुढे बरेच दिवस खाल्ला.

अभ्यासक्रम शहरांच्या भूगोलाचा होता. सिलोन, घाना, मलाया अशा ठिकाणांहून आलेले विद्यार्थी होते. सकाळी व्याख्याने, दुपारी पायी हिंडणे, शनिवारी बसने बाहेरगावी. एका शनिवारी समुद्रावर नेले. तिथे वाळू नव्हती, गोटे होते, आणि लोक त्या गोट्यांवर खुर्च्या मांडून कोट घालून बसले होते. एकदा उघड्या माळावरचे प्रचंड दगड दाखवले. एका गावच्या कॅथीड्रलमध्ये घानाच्या मुलीला आणि मला एका बाईंनी विचारले की आम्ही दोघी बहिणी का. संध्याकाळ संपतच नसे. जेवण होऊन भांडी विसळली तरी खिडकीत ऊन असायचे, आणि उन्हात झोपायला जाणे मला शेवटपर्यंत जमले नाही. जेवणात उकडलेला बटाटा असे, आणि बटाटा नसेल तेव्हा कुस्करलेला बटाटा असे. मेतकुटाने निभावून नेले.

तिकडची प्रसिद्ध ठिकाणे मी सगळी पाहिली. ते मोठे घड्याळही पाहिले. त्याच्या चारही बाजूंना तबकड्या होत्या आणि दोन्ही काटे दिवसभर व्यवस्थित दिसत होते. धुके नव्हते. मला सांगण्यात आले की उन्हाळ्यात बहुतेक नसतेच. मी हे मनात नोंदवले आणि पुढे गेले.

आमचे एक शिक्षक होते, उंच, कायम रेनकोट घातलेले. त्यांनी शेवटच्या आठवड्यांत एक काम दिले. शहरातली कुठलीही एक जागा निवडायची आणि तिथे उभे राहून जेवढे दिसते तेवढेच काळ्या शाईने नकाशावर काढायचे. घर आड आले, तर घरामागचे काढायचे नाही. ते झाले की तिथून निघून चालायचे, आणि जे दिसत नव्हते ते निळ्या पेन्सिलीने भरायचे. माणसाला आपण जिथे उभे आहोत ते कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मी आजोबांचे हॉटेल निवडले. दुसरी कुठली जागा मला सुचली नाही.

हॉटेल आता राहिले नव्हते. तिथे नोकरी करणाऱ्या मुलींचे वसतिगृह झाले होते. तिथल्या व्यवस्थापक बाईंना मी कारण सांगितले. माझे आजोबा इथे राहत होते हे ऐकून त्या लगेच उठल्या आणि मला वर घेऊन गेल्या. जिन्याच्या डाव्या हाताची खोली रिकामी होती. एकच खिडकी. मी कागद फळीवर लावला आणि काढायला सुरुवात केली.

कोपरा दिसत होता. तिथे फुलवाली नव्हती, वर्तमानपत्रे विकणारा होता. पोलीस उभा राहायचा तिथे वाहतुकीचे दिवे होते. बागेचे फाटक दिसत होते, बाग दिसत नव्हती. नुसते झाडांचे शेंडे. चर्चची एक बाजू दिसत होती आणि तिला लागून आत वळणारा रस्ता. वळल्यावर तो कुठे जातो ते दिसत नव्हते. दूरवर आणखी एका चर्चचा मनोरा होता आणि त्यावर घड्याळ होते. समोरच्या घराच्या रुंद धुराड्याने तिची बरोबर अर्धी तबकडी झाकली होती. उजवी बाजू दिसत होती, डावी दिसत नव्हती. मी काढत होते तेवढ्यात मोठा काटा सहावर आला आणि धुराड्यामागे गेला.

मी अर्धा तास थांबले. काटा वरून बाहेर आला.

मला धक्का बसला असे लिहायला हवे, पण तसे झाले नाही. मला आधी समाधान वाटले, कारण नकाशा जुळला होता. मग एकेक गोष्ट मी मनात पुन्हा तपासली. छत्र्या वरून दिसतील तशाच. बागेचे फाटक आहे, बागेतली एकही वाट नाही. कशाची चव नाही, कशाच्या आतले काही नाही, कोणाचा आवाज नाही. धुके सोडले तर आजोबांनी खोटे काही सांगितले नव्हते. त्यांचे सगळे लंडन या एका खिडकीत मावत होते, एवढेच.

मग मी खाली उतरले आणि निळी पेन्सिल घेऊन चालले. दुसऱ्या दिवशीही गेले. शिक्षकांनी कागद पाहून विचारले की काळा भाग इतका बारकाईने कसा काढला. मी म्हटले, तो मला लहानपणापासून माहीत होता. त्यांना ते कळले नसावे. त्यांनी मान डोलावली.

परतीच्या प्रवासात माझ्यापुढे एकच प्रश्न होता, बैठकीत काय सांगायचे. मी खोटे बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, आणि तेव्हाही बोलत नसे. पण आजोबांकडे त्या बैठकीत दुसरे काही नव्हते.

मी आले त्या संध्याकाळी सगळे जमले. आईने चहा आणि चिवडा ठेवला. लोकांनी विमान, थंडी, राणी याबद्दल विचारले. आजोबा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते, माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी ओव्हरसियरकाकांनी कप खाली ठेवला.

"काय मग? आहे का यांचं लंडन?"

"आहे," मी म्हटले. "फुलवाली आता नाही, पोलिसाच्या जागी दिवे आलेत. बाकी सगळं जिथल्या तिथं आहे."

"आणि घड्याळ?"

"मी समोर उभं राहून पाहिलं, काका. मोठा काटा अर्धा तास दिसतो. मग अर्धा तास दिसत नाही."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"उन्हाळ्यातसुद्धा."

त्यांनी आजोबांकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. "कमाल आहे," म्हणाले, आणि चिवड्याची बशी पुढे ओढली. आजोबांच्या हातातला अडकित्ता थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजीला गेली होती. आजोबांनी मला झोपाळ्यावर बसायला सांगितले. पायाने थोडा झोका दिला.

"वरच्या खोलीत गेली होतीस."

"हो."

"धुराडं आहे अजून?"

"आहे."

मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्यांच्याबरोबर दप्तराच्या, म्हणजे संस्थानच्या कागदपत्रांच्या, पेट्या होत्या. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, पेट्यांपाशी थांबा, मी बोलावतो. साहेब रोज सकाळी बाहेर जात आणि संध्याकाळी येत. पेट्या दोनदा उघडल्या गेल्या. उन्हाळा संपला, बोलावणे आले नाही, सामान बांधले, सगळे परत आले. साहेब वाईट नव्हते, असे आजोबांनी मुद्दाम सांगितले. विसरले असतील.

"तुम्ही विचारायचं होतं," मी म्हटले.

"आमच्यात विचारत नसत." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, जेवताना डावा हात वापरत नाहीत असे कोणी सांगावे तसे. "थांबा म्हटलं की थांबायचं. पुढचं सांगणं वरून येतं."

झोपाळा थांबला.

"ती फुलवाली टोपली उचलून चर्चच्या मागं जायची," ते म्हणाले. "मागं काय आहे गं?"

मी आत जाऊन कागद आणला आणि आमच्या दोघांच्या मध्ये पसरला. आजोबांनी चष्मा लावला. काळ्या भागावरून त्यांचे बोट भराभर गेले, त्यात त्यांना काही विचारायचे नव्हते. चर्चच्या कोपऱ्याशी ते थांबले. तिथून पुढे निळे होते. मी सांगितले, इथून गल्ली डावीकडे वळते. इथे जोडे दुरुस्त करणारा आहे. इथे हिरव्या दाराचे दारूचे दुकान, आतून गाण्याचा आवाज येत होता. इथे घोड्यांना पाणी पाजायची दगडी कुंडी आहे. आता घोडे नाहीत म्हणून तिच्यात माती घालून फुले लावली आहेत. आणि इथे बाक. मी त्यावर बसून उरलेला खाखरा खाल्ला.

"वळण डावीकडं?"

"डावीकडे."

"मला उजवीकडं वाटायचं," ते म्हणाले. बोट त्या वळणावरून त्यांनी दोनतीनदा नेले.

त्या संध्याकाळी बैठक जमली तेव्हा मी चहा द्यायला बाहेर आले. आजोबा सांगत होते, चर्चच्या मागे एक गल्ली आहे, ती डावीकडे वळते. हिरव्या दाराच्या आत लोक गात बसतात. पुढे दगडी कुंडी, आणि कुंडीत फुले.

ओव्हरसियरकाकांनी डोळे बारीक केले. "हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"आज बोलावणं आलं," आजोबा म्हणाले.

कोणाला काही कळले नाही. मी कप वाटत राहिले. पण ओव्हरसियरकाका म्हणजे रस्त्यांचा माणूस, त्यांना राहवेना.

"रुंद किती आहे गल्ली? गाडी जाईल?"

"छे," आजोबा म्हणाले. "चालतच जावं लागतं."