टुन बाल्तासारच्या जमिनीवरचे कावळे

आमच्या रोटा बेटावर झाड तोडण्याआधी रानातल्या पूर्वजांची मोठ्याने परवानगी मागतात. माझे शेजारी टुन बाल्तासार मांग्लोन्या यांनी ती कधी चुकवली नाही. वडीलधाऱ्या पुरुषांना आम्ही मानाने 'टुन' म्हणतो. त्यांची मुलगी उर्सुला आणि जावई शेजारचं ग्वाम बेट सोडून कायमचे परत यायला तयार होते, फक्त राहायला घर हवं होतं. जुलैत टुन घरासाठी जागा मोकळी करायला करवत घेऊन आपल्या रानातल्या जमिनीवर गेले, परवानगी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला.

"पूर्वज नाही म्हणाले," ते म्हणाले.

"गांधीलमाशी चावली असेल."

"तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलेल्या. तुम्हाला काय कळणार!"

सूज उतरली. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले. ऑक्टोबरात त्याच जमिनीवरच्या एका झाडावर आगांची जोडी आली.

आगा म्हणजे आमचा कावळा. अंगाने लहान, काळा. उन्हात पाठ हिरवट, शेपूट निळसर. मानेची पिसं विस्कटली की खाली पांढुरकं दिसतं. चुनखडीच्या कड्यावरचं दाट रान त्याला लागतं, आणि आता मोजक्याच जोड्या उरल्यात. नर-मादी दोघं काटक्या आणत होती, मधेच खाली उतरून शंखातले खेकडे ओढून खात होती. आठवड्याभरात पक्षी मोजणाऱ्या कचेरीचा माणूस आला. त्याने झाडाला लाल फीत बांधली. घरटं आहे तोवर आसपास झुडूपही तोडायचं नाही.

सणाला आलेल्या उर्सुलाने फीत पाहिली.

"मेलेल्यांना विचारलंत, बाबा. मला विचारलं असतंत तर जुलैतच तोडा म्हणाले असते."

"तोंड सांभाळ."

"सांभाळते. आम्ही आता अमेरिकेलाच निघालोय, तिकडे कुणी सांभाळायला सांगणार नाही."

जानेवारीत ती नवरा-बायको अमेरिकेला जायला विमानात बसली. टुन विमानतळावर गेले नाहीत. ते रोज त्या झाडाखाली जाऊन बसू लागले.

"पिल्लू मोठं झालंय," एकदा त्यांनी सांगितलं. "यांची पोरं उडायला लागली तरी कित्येक महिने आईबापांना सोडत नाहीत म्हणे."

फेब्रुवारीत रानमांजराने ते पिल्लू खाल्लं. टुननी पिसं गोळा करून मला आणून दाखवली. जोडी दुसऱ्या कड्याकडे निघून गेली होती.

"कचेरीत कळवा," मी म्हटलं. "फीत काढतील. जमीन मोकळी होईल."

त्यांनी पिसं परत खिशात घातली.

"कुणासाठी?"