मस्टर म्हणजे दाखवणं

दुष्काळी कामावर खडी फुटायची कमी, किस्सेच जास्त घडायचे. बहात्तरच्या दुष्काळात आष्टी-परतूर रस्त्याच्या कामावर आम्हा मास्तरांना हजेरीचं मस्टर भरायला बसवलं होतं. मी गणिताचा, सोनवणे सर इंग्रजीचे. रोज सहाशे नावं पुकारायची. खरं सांगतो, जीव विटला होता.

*

सोनवणे सर कामावरही डिक्शनरी घेऊन यायचे. एकदा सुट्टीत त्यांनी सगळ्या टोळीला सांगितलं, मस्टर हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि मुळात त्याचा अर्थ दाखवणं.

मुकादम गणपतराव घाम पुसत म्हणाला, "इतक्या लांबून आला सर, तर येताना थोडं पाणी तरी आणायचं!"

*

दुसऱ्या दिवशी सरांनी पुढचं सांगितलं. राक्षसाला इंग्रजीत मॉन्स्टर म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. तेव्हापासून काम तपासायला येणाऱ्या ओव्हरसिअरची जीप दिसली की गणपतराव हळूच म्हणायचा, "सर, मस्टरचे भाऊबंद आले बघा."

*

माझी गत अशी, की रविवारी दुपारी डोळा लागला तरी तोंडाने नावं चालूच. बायको भाकरी थापता थापता चुलीपासून "हजर" म्हणायची. तेवढं ऐकलं की मी गप झोपायचो.

*

गयाबाई खडी फोडायची. घरात कमावणारी ती एकटीच, एक खाडा नाही. वैशाखात तापाने पडली. नियम असा, की सलग तीन दिवस गैरहजर तर नाव कट, आणि परत घेणं नाही. तिसऱ्या दिवशी ओव्हरसिअर नेमका टेबलाशी उभा. सरांनी तिचं नाव दोनदा पुकारलं. मग तिसऱ्यांदाही पुकारलं.

तेवढ्यात चार बाया खाट उचलून येताना दिसल्या. त्यांनी खाट टेबलासमोर ठेवली. गोधडीतून एक हात वर आला.

ओव्हरसिअर म्हणाला, ही काय काम करणार? नाव कट करा.

गयाबाई त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. "सर, तुमीच सांगितल्तं ना, मस्टर म्हंजे दाखवनं. मंग बघा बराबर. दिसून राह्यले का न्हाई मी?"

आयुष्यभर हजेरीला पोरं सरांपुढे उभी राहिली होती. त्या दिवशी सर खुर्चीवरून उठले, म्हणाले, "दिसलात, बाई." आणि उभ्यानंच हजेरी लावली.