केशरबाईंचा अंबाडा

केशरबाई दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवर राहतात. वय पन्नाशीचं. शेजारच्या गावातल्या अंगणवाडीत त्या मदतनीस आहेत आणि पोरांची खिचडी शिजवायला रोज सायकलवर जातात. सायकल त्या चाळिशीत शिकल्या, लेकीच्या शाळेच्या सायकलवर. तेव्हापासून त्यांनी एसटीची वाट बघणं सोडून दिलं.

ती लेक, स्वप्नाली, आता बीडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. यंदा दिवाळीला आली ती हातात हिरवं हेल्मेट घेऊनच.

"आई, आता रोज हे घालूनच जायचं."

"कावून? मी काय मोटारसायकल चालवती का?"

"डोकं फुटायला मोटारसायकल लागत न्हाई. सायकलवरून पडलेली माणसं मीच बघते ना."

केशरबाईंनी घालून पाहिलं, तर बसेचना. अंबाडा आडवा येत होता. त्यांचा अंबाडा नारळाएवढा. लग्नापासून एक दिवस चुकलेला नाही, वर कधी शेवंती, कधी अबोली. हेल्मेट त्यावर नुसतं डुगडुगायला लागलं. बाजेवर बसलेले त्यांचे नवरे बन्सी हसता हसता ठसकले.

शेवटी स्वप्नालीनं अंबाडा सोडला, सैल वेणी घालून पाठीवर टाकली आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. हेल्मेट घट्ट बसलं.

"शाळंतली पोरगी दिसती की," बन्सी म्हणाले, आणि बोलून झाल्यावर स्वतःच लाजले.

वस्तीवर मात्र हसं झालं. सगळ्यांत जास्त हसली ती शेजारीण वत्सलाबाई.

"केशर, कुठल्या लढाईला निघालीस गं?"

"खिचडीच्या!" केशरबाई ओरडल्या आणि पायडल मारून पुढं गेल्या.

मग ऊसतोडीचा हंगाम आला. एका सकाळी ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून चाक घसरलं. केशरबाई आडव्या झाल्या आणि डोकं पुलाच्या कठड्यावर आदळलं. बाजूच्या रानात कापूस वेचणारी वत्सलाबाई ओटीतला कापूस सांडत धावत आली.

"केशर! आगं, बोल की कायतरी!"

केशरबाई उठून बसल्या. "माझी चप्पल कुठं गेली, बघ बरं."

वत्सलाबाईला रडू फुटलं. हेल्मेट पुढून मागपर्यंत तडकलं होतं. तिनं त्या भेगेवरून बोट फिरवलं, मग केशरबाईंच्या डोक्यावरून. साधं टेंगूळसुद्धा नव्हतं. दिंद्रुडच्या डॉक्टरांनी तपासलं, खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि घरी पाठवलं.

संध्याकाळी स्वप्नालीचा फोन आला. "ते हेल्मेट आता टाकून दे, आई. एकदा मार बसला की ते कामाचं राहत न्हाई. मी दुसरं आणते."

"दोन आण!" मागून वत्सलाबाई ओरडली.

"तुला कुठं सायकल येती?" केशरबाई म्हणाल्या.

"मग शिकव की!"

पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर वत्सलाबाई लाल हेल्मेट घालून सायकलवर बसली. पदर खोचून केशरबाई कॅरिअर धरून पळत होत्या. दोनदा सायकल कलली, तिसऱ्यांदा चालली. वत्सलाबाईनं मैदानाला एक फेरी मारली, मग दुसरी.

"आगं केशर, ही थांबवायची कशी?"

केशरबाईंना सांगायचं होतं, पण हसू आवरेना. बन्सी "ब्रेक दाब, ब्रेक!" ओरडत मागं पळत होते, आणि वत्सलाबाईची तिसरी फेरी सुरू झाली होती.