बिघडलेला ब्लाउज

कर्जतला मी छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवतो. दहिवलीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई एकदाच माझ्याकडे आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच होती. त्यांच्या ऑनलाइन पानावर एका मुलीने लिहिलं होतं, 'माझ्या लग्नाचा ब्लाउज बिघडवला.'

मी म्हटलं, "ओळखीच्यांकडून दहा चांगले अभिप्राय लिहून घेऊ. मग हा वाईट अभिप्राय खाली जाईल."

बाई टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. ब्लाउज खरंच बिघडला व्हता. तिला लिवा, कापड घेऊन ये, मी नवीन शिवून देते."

मी तसं लिहिलं. आठवड्याने मुलीचं उत्तर आलं, 'लग्न होऊन गेलं. आता काय उपयोग?'

मी बाईंना फोनवर ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. तिनं लिवलंय ते राहू दे तसंच."