पायांवरचं कुंकू

बऱ्हाणपूरला आमच्या गल्लीतल्या देवळात कागदावर रंगवलेली देवी उंच टांगलेली असायची. रंगाचे पापुद्रे सुटायला लागले तेव्हा पेपर मिलमधून रिटायर झालेले एक गृहस्थ एका चित्रकाराला घेऊन आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चष्मा कपाळावर चढवून ते आधी कागदाचा वास घ्यायचे, मगच बोट लावायचे.

एकदा मला म्हणाले, "भाऊ, कागद मी पाहतो, रंग हे पाहतील. कुंकवाचं तुम्ही सांगा. निकालायचं का राहू द्यायचं?"

सगळे देवीच्या कपाळाला कुंकू लावत. माझी आई बुटकी होती, तिचा हात पायांपर्यंतच पुरायचा.

"पायांवरचं राहू द्या," मी म्हणालो.

त्यांनी कपाळावरचं तेवढं काढलं. देवी आता काचेआड आहे. लोक काचेला कुंकू लावतात. आतलं मात्र आईचं आहे.