बेनी न्हाणीघरात मुक्कामाला

हिवाळा लागला की इसाबुरोच्या घरात मांजराच्या पावलांनी चालावं लागे. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको किनू. पण पाहुण्यालाही सूट नसे. ओसरीला लागून छपराखाली हौद होता आणि हौदात कोई जातीचे रंगीत, शोभेचे मासे. उन्हाळाभर डोंगरावरच्या मातीच्या तळ्यात ते हुंदडत. बर्फ पडायच्या आत इसाबुरो त्यांना घरातल्या हौदात आणून सोडी, आणि पाणी गार पडलं की त्यांचं खाणं बंद करी. गार पाण्यात माशाच्या पोटाची चूल विझते. खाल्लेलं आतच कुजतं. कुणी धपधप करत आलं की त्यांना वाटतं जेवण आलं, आणि बिचारे उगाच वर धावतात. म्हणून हळू चालायचं.

"हौदात मासे आहेत की बाळंतिणी?" शेजारची तोकिए दर वर्षी विचारायची आणि चपला हातात घेऊन आत यायची.

त्या वर्षी गावच्या सभागृहाचं दार बर्फाखाली गाडलं गेलं. नव्या वर्षाच्या नैवेद्याचा चिकट भात कुटायचा कुठे? किनूने परस्पर सांगून टाकलं, आमच्या ओसरीवर.

"अगं, मासे आहेत तिथे," इसाबुरो म्हणाला.

"मग काय, माशांची झोपमोड होते म्हणून देव उपाशी ठेवू?"

देवापुढे इसाबुरोचं काही चाललं नाही. उखळ ओसरीवर आलं. दोन घावांच्या मध्ये ओला हात घालून किनू आणि तोकिए आळीपाळीने गोळा उलटायच्या, आणि इसाबुरो मोगरी हाणायचा. मोगरी त्याची आवडती होती. उन्हाळ्यात तळ्याच्या काठावर याच मोगरीने ठोकून तो माशांना जेवायला हाक मारी. ही गोष्ट त्याला आठवली तेव्हा हौदातलं एकूण एक तोंड वर आलेलं होतं.

सगळ्यांत पुढे बेनी. दुधासारखं अंग, पाठीवर कुंकू सांडल्यासारखा लाल डाग. शहरातून आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने ती विकली नव्हती. वसंतातल्या प्रदर्शनात तिला उतरवायची त्याची इच्छा होती.

गोळे वळायला बायका स्वयंपाकघरात गेल्या. इसाबुरो हौदापाशी बसला. बेनीने त्याच्या बोटाला ढुशी दिली.

"नाही म्हणजे नाही," तो तिला म्हणाला. बेनीने तोंड मिटलं नाही. सणाचा दिवस, असं म्हणत त्याने उखळात उरलेल्या भाताची चिमटी घेऊन वाटाण्याएवढा गोळा तिच्या तोंडात टाकला. एकाने काय होतं म्हणून दुसरा. तिसरा का टाकला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दोन-तीन दिवसांत बेनी कोपऱ्यात तळाला बसली. पर अंगाशी मिटलेले, पोटाची एक बाजू टम्म. इसाबुरोचं जेवणावरचं मन उडालं. तिचं पाणी हळूहळू उबदार करायचं, म्हणजे विझलेली चूल पेटेल आणि अडकलेलं पुढे सरकेल, हा एकच उपाय होता. पण अख्खा हौद तापवला तर बाकीचे उपाशीही जागे होणार. वेगळं भांडं हवं होतं, बेनी मावेल एवढं. घरात तसं एकच होतं.

"अहो, आणि आपण आंघोळ कुठे करायची?" किनूने विचारलं.

"तोकिएकडे."

बेनी न्हाणीघराच्या टबात गेली. हवेचा पंप, दोन-चार मुठी मीठ, उडी मारू नये म्हणून वर फळ्या. इसाबुरो तापमापक घेऊन बसला आणि पाणी अंशाअंशाने चढवत राहिला. बायको आजारी पडली तेव्हाही हा असा बसला नव्हता, हे किनूने त्याला दोनदा ऐकवलं.

"हिने खाल्लं तरी काय?"

"कुटताना उडाला असेल तुकडा," इसाबुरो तापमापकाकडे बघत म्हणाला. "तोकिएचे हात जरा सैलच आहेत."

किनू उठून तडक तोकिएच्या घरी गेली. हे वाईट लक्षण होतं.

रोज संध्याकाळी दोघं पंचे गळ्यात टाकून बर्फातून तोकिएकडे जात. टबातलं गरम पाणी एकच, सगळे पाळीपाळीने त्यातच बसत; पाहुणा म्हणून तोकिए इसाबुरोला पहिली पाळी देई. त्या संध्याकाळी तिने त्याला दारातच अडवलं.

"इसाबुरोदादा, मी म्हणे तुमची मासळी मारायला टपलेय?"

"छे, छे. कोण म्हणतं?"

"माझे सैल हात म्हणतात. जा, पाणी गरम आहे, बसा."

त्या पाण्यात त्याला आयुष्यात पहिल्यांदा आंघोळ नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी उचलली तर टबाच्या तळाशी लांबलचक पांढरी दोरी पडली होती, आणि बेनी पर पसरून फिरत होती. ती घाण इसाबुरोने किनूला अशी दाखवली, जणू प्रदर्शनातलं पदकच.

पाणी पुन्हा हळूहळू गार करून बेनी हौदात परतली, तेव्हा कुठे टब मोकळा झाला. इसाबुरोने तो स्वतः घासला, पाणी भरलं, तापवलं. या घरात पहिली आंघोळ नेहमी त्याची. लग्न झाल्यापासून एकदाही क्रम चुकला नव्हता. किनूने त्याचा पंचा पुढे केला.

त्याने तो घेतला नाही.

"आधी तोकिएला बोलावून आण," तो म्हणाला. "मग तू जा. माझं उरलेल्या पाण्यात भागेल."

"तीन गोळे ना?" किनूने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"उखळात उरलेल्या भातावर चिमटीच्या तीन खुणा होत्या," ती म्हणाली. "अहो, तिला उन्हाळाभर हाताने भरवणारं या घरात दुसरं आहे कोण?"

आणि ती चपला हातात घेऊन, हौदाशेजारून हळूच, तोकिएला बोलवायला निघाली.